शून्य डिझेलचा उतार

बारा पिकअप गाड्या, एकच घाट आणि सगळ्यांच्या पाठीवर सारख्याच मापाच्या स्ट्रॉबेरीच्या पेट्या. त्या बारांत सगळ्यात सावकाश गाडी चालवते माझी आई, आणि सगळ्यात जास्त डिझेल पिते तिचीच गाडी. आता सांगा, हे कसं?

मी जुई. २०४१ सालच्या मार्चमध्ये या कोड्याने आमच्या घरातली झोप उडवली होती. आई, म्हणजे सारिका रांजणे, 'ताजामाल' नावाच्या कंपनीची पिकअप चालवायची. भिलारला माल भरायचा, पसरणीचा घाट उतरून वाईच्या शीतगृहात (फळं थंड ठेवायच्या मोठ्या खोलीत) पोचवायचा आणि रिकाम्या पेट्या घेऊन वर यायचं. दिवसाला चार खेपा. जगात विजेच्या गाड्या कधीच्या आल्या होत्या, पण आमच्या कंपनीच्या गाड्या अजून करंजाच्या तेलापासून केलेल्या डिझेलवर धावत होत्या. नव्या गाड्या घ्यायच्या नाहीत आणि जुन्या गाड्यांचं ॲव्हरेज (एका लिटरमध्ये गाडी जितके किलोमीटर जाते तो आकडा) मात्र वाढलं पाहिजे, असा कंपनीचा कारभार.

नियम साधा होता. दर तीन महिन्यांनी ज्याचं ॲव्हरेज सगळ्यात कमी, त्याची गाडी काढून घ्यायची. आईचं होतं बारा पॉइंट एक. तिच्या वरच्याचं बारा पॉइंट सहा. तिमाही संपायला पाच दिवस उरले होते.

"कुठेतरी तूच चुकत असशील," आप्पा म्हणाले. आप्पा म्हणजे आईचे वडील, हणमंत शेलार. चाळीस वर्षं त्यांनी घाटात गाडी चालवली. कंपनीच्या बाराही ड्रायव्हरांना गाडी त्यांनीच शिकवली, आणि आईला तर सगळ्यांच्या आधी. "उतार लागला की न्यूट्रल मारतेस ना?"

"मारते, आप्पा. प्रत्येक उताराला."

"मग डिझेल जाईलच कसं?"

न्यूट्रल मारणं म्हणजे गाडी कुठल्याच गिअरमध्ये न ठेवता उतारावर सोडून देणं. गाडी आपल्या वजनानेच खाली जाते, मग इंजिनाला कशाला राबवायचं? ऐकायला अगदी बरोबर वाटतं. मलाही वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मी आईबरोबर गाडीत बसले. समोर डॅशबोर्डवर दक्ष होता. दक्ष म्हणजे कंपनीने प्रत्येक गाडीत बसवलेला यंत्रमानव, नुसतंच डोकं, हातपाय नाहीत. रस्ता, वेग, ब्रेक, डिझेल असं सगळं तो टिपायचा आणि रोज कंपनीला पाठवायचा. बाराही गाड्यांचे दक्ष एकमेकांशी जोडलेले होते. एरवी त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. चहाडखोराशी कोण बोलतं?

घाट उतरून वाईत पोचलो. ब्रेकचा करपट वास येत होता. मी दक्षला विचारलं, "हा घाट उतरताना किती डिझेल लागलं?"

"दोनशे चाळीस मिलिलिटर."

आईने वळून बघितलं. "काहीतरीच काय. गाडी न्यूट्रलमध्ये होती."

"होय," दक्ष म्हणाला. "गाडी न्यूट्रलमध्ये होती आणि इंजिन चालू होतं. चोवीस मिनिटं."

माझ्या डोक्यात काहीतरी हललं. मी विचारलं, "याच उताराला सगळ्यात कमी डिझेल कुणाला लागतं?"

"बजरंग जाधव. अठरा मिलिलिटर."

बजरंगमामा म्हणजे आळसाचा अर्क. एक हात खिडकीबाहेर, तोंडात बडीशेप. गिअर बदलायचा कंटाळा म्हणून तिसऱ्या गिअरमध्ये घातलेली गाडी पार खालपर्यंत तशीच. आप्पा त्याच्या नावाने कायम बोटं मोडायचे.

"असं कसं होईल?" आई म्हणाली.

मग दक्षने समजावलं. ते मी माझ्या शब्दांत सांगते. गाडी घाटमाथ्यावर असते तेव्हा तिच्यात उंचीमुळे साठलेली ऊर्जा असते. तिला स्थितिज ऊर्जा म्हणतात. गाडी उतरू लागली की ती ऊर्जा चाकं फिरवते. गाडी गिअरमध्ये असेल तर चाकं आणि इंजिन एकमेकांना जोडलेली असतात, म्हणून चाकंच उलट इंजिनाला फिरवतात. शिवणयंत्राचं चाक हाताने फिरवून बघा, खालची पायपट्टी आपोआप हलते, पायाला काही करावं लागत नाही. तसंच हे. आजच्या इंजिनाला एक छोटा मेंदू असतो. इंजिन फुकटात फिरतंय हे त्याला कळतं आणि तो इंजेक्टर (इंधनाचा बारीक फवारा मारणारी पिचकारी) बंद करतो. डिझेल शून्य.

न्यूट्रल मारलं की चाकं आणि इंजिन यांची ताटातूट होते. आता इंजिनाला कुणी फिरवत नाही. बंद पडू नये म्हणून ते स्वतःच थोडं थोडं डिझेल जाळत बसतं. शिवाय इंजिन गाडीला मागे धरत नाही, त्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापतो.

"लांबलचक सौम्य उतार असेल आणि ब्रेक लावावाच लागत नसेल, तर गणित वेगळं होतं," दक्ष म्हणाला. "पण घाटात ब्रेक लावावाच लागतो. आणि तो तापला तर धोका."

"मग आप्पांच्या वेळी?" मी विचारलं.

"ते शिकले त्या काळात पेट्रोलच्या जुन्या गाड्या होत्या. त्यांत मेंदू नव्हता. उतारावर इंजिन जितकं जोरात फिरे, तितकं पेट्रोल ओढून घेई. तेव्हा न्यूट्रलने इंधन वाचत असे. ब्रेकचा धोका मात्र तेव्हाही होताच."

आई स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती. आप्पांचा शब्द तिने एकदाही मोडला नव्हता. बाकीच्या ड्रायव्हरांनाही त्यांनी हेच शिकवलं होतं, पण ते कधी विसरायचे, कधी कंटाळायचे, आणि म्हणून वाचले. ज्याने धडा नीट पाठ केला तोच नापास. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती हीच.

मला संताप आला. "तुला तीन महिने हे माहीत होतं," मी दक्षला म्हटलं. "मग तू सांगितलं का नाहीस?"

"मला मोजायला बसवलं आहे. शिकवायला नाही. विचारलं तर उत्तर देतो. आजवर कुणी विचारलं नव्हतं."

पुढचे चार दिवस आईने गाडी गिअरमध्ये उतरवली. रोजचं ॲव्हरेज तेरा आलं. पण सरासरी तीन महिन्यांची होती. पंच्याऐंशी दिवस पाणी घातलेल्या दुधात चार दिवसांचं निर्भेळ दूध ओतलं, तर ते कितीसं घट्ट होणार? बारा पॉइंट एकचं बारा पॉइंट एक पाच झालं, बस.

तिमाहीच्या शेवटच्या दिवशी आम्ही दोघी मॅनेजर बाबर साहेबांकडे गेलो. मी सगळं सांगितलं, उंचीची ऊर्जा, पिचकारी, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "आम्हाला माहीत आहे."

"मग ड्रायव्हरांना का नाही शिकवलं?"

"बाळ, पुढच्या वर्षी बाराच्या आठ गाड्या करायच्यात. सगळे शिकले तरी कुणीतरी शेवटचा असणारच." आईकडे न बघता त्यांनी चावीसाठी हात पुढे केला.

त्या माणसाचं गणित चुकलेलं नव्हतं, हेच मला सगळ्यात जास्त लागलं. वर्गात सगळ्यांना नव्वदच्या वर मार्क पडले तरी शेवटचा नंबर कुणाचा तरी येतोच.

घरी येताना आई म्हणाली, "आप्पांना यातलं काही सांगायचं नाही. जिव्हारी लागेल त्यांच्या."

मी कबूल केलं. पण जेवताना आप्पा म्हणाले, "मी सांगितलं तसं केलं असतंस तर ही वेळ आली नसती." मग माझ्याच्याने राहवेना. मी ताट सरकवलं आणि सगळं बोलून टाकलं. आई "जुई, गप" म्हणत राहिली. आप्पांनी फक्त एवढंच विचारलं, कुणाचे दोनशे चाळीस आणि कुणाचे अठरा, ते पुन्हा सांग.

सकाळी ते घरात नव्हते. मी शोधत गेले, तर ते घाटमाथ्यावर, गाड्या चहाला थांबतात तिथे उभे होते. अकरा ड्रायव्हर भोवती जमले होते.

"न्यूट्रल मारू नका," आप्पा सांगत होते. "मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. माझ्या गाडीला ते बरोबर होतं, तुमच्या गाडीला नाही. मी विचारायला हवं होतं, विचारलं नाही. माझ्या पोरीची गाडी गेली त्यात."

"आप्पा, मी तर कधीच मारत नव्हतो," बजरंगमामा हळूच म्हणाला.

"तुला अक्कल होती म्हणून नव्हे," आप्पा म्हणाले. कुणीतरी हसलं.

त्या दिवसापासून अकराही जण दक्षला रोज प्रश्न विचारतात. पुढे त्यांनी कंपनीला एक अर्ज लिहिला. शेवटच्या माणसाला काढू नका, साडेबारा ॲव्हरेजची एक हद्द ठरवा, आणि जो तिच्या खाली जाईल त्याला आधी शिकवा. अक्षर माझं आहे. उत्तर अजून आलेलं नाही. आलं नाही तर दुसरा अर्ज लिहायचा, असं ठरलंय. आणि मी मोठी झाले की असा दक्ष बनवणार आहे, जो न विचारता सांगेल.

आई आता वाईच्या शीतगृहात पेट्या भरते. सकाळी बजरंगमामाच्या गाडीतून खाली जाते, डावीकडच्या सीटवर बसून. उतार लागला की तिचा डावा हात अजून गिअर धरायला जातो आणि दरवाजावर आपटतो.