तळहातांमागे

आमच्या कोचकोर गावाहून राजधानीला, बिश्केकला निघालो होतो, धाकट्या बहिणीला, सेझिमला कॉलेजात सोडायला. टॅक्सी चार माणसं भरल्याशिवाय हलत नाही. पण त्या दुपारी धुकं उतरायला लागलं, तसा ड्रायव्हर तुर्दुबेक वैतागून आम्हा दोघींनाच मागे बसवून निघाला. पुढची सीट रिकामीच राहिली.

सेझिमच्या कानात नेहमीची ती गाण्याची बोंडं. मी खेकसलेच, "अगं बये, परक्या गावात राहणार आहेस आता! गाडीत कोण आहे, रस्त्यावर कोण आहे, जरा बघत जा. कुणी उचलून नेलं तरी तुला गाणं संपल्यावरच कळायचं!"

"हो गं ताई," म्हणाली, आणि परत आपली गाण्यात गुंग.

पहिलं कबरस्तान आलं. ते ओलांडताना आमच्यात मेलेल्यांसाठी दोन्ही तळहात चेहऱ्यावरून फिरवतात. मी फिरवले. हात खाली आले तेव्हा रस्त्याच्या कडेला पांढऱ्या टोपीचा, खांद्यावर बर्फ साचलेला एक म्हातारा उभा दिसला. गाडी थांबली नाही.

दुसऱ्या कबरस्तानापाशी पुन्हा हात फिरवले. डोळे उघडले, तर तो पुढच्या सीटवर बसलेला. खांद्यावरचा बर्फ वितळत नव्हता. गाडीभर ओल्या मातीचा वास...

"तुर्दुबेक... पुढे कोण बसलंय?"

"कोण बसणार, ताई? डुलकी लागली वाटतं तुम्हाला!"

मी पुन्हा पाहिलं, तो तिथेच होता. एवढं मात्र कळलं, की माझे डोळे झाकले की तो जवळ सरकतो. आणि त्याच्या बरोबर मागे माझी सेझिम होती. मी तिच्या कानातली बोंडं उपटली.

"जागी राहा," एवढंच पुटपुटले.

तिसरं कबरस्तान आलं. मेलेल्यांनी मला माफ करावं, मी हात उचललेच नाहीत. त्याच्या मानेवर नजर रोखून बसले. धुक्यात थडगी सरकत होती, संपता संपत नव्हती. डोळे झोंबायला लागले, पाणी आलं... एकदाच, फक्त एकदाच पुसलं.

पुढची सीट रिकामी होती.

सुटलो बाई, असं वाटून शेजारी वळले. सेझिमने चेहरा तळहातांनी झाकला होता. पोरगी कधी नव्हे ती दुवा मागतेय, म्हणून मला भरून आलं.

"झालं गं, गेलं कबरस्तान. हात काढ आता."

"ताई..." तिचा आवाज जेमतेम फुटला. "हे माझे नाहीत."

मी खाली पाहिलं. लाल हातमोज्यांतले तिचे दोन्ही हात मांडीवर होते, घट्ट आवळलेले.