खुर्चीवरचा फोकस

आमच्या कॅमेऱ्याची कंपनी दरवर्षी एक तक्ता काढते. येत्या काळात कोणकोणत्या लेन्स येणार, त्याचा. तयार लेन्सचे त्यात रंगीत फोटो असतात आणि न आलेल्यांच्या नुसत्या राखाडी आकृत्या. मिररलेस कॅमेरा घेतल्यापासून मी त्या राखाडी आकृत्यांकडे डोळे लावून बसलो होतो. त्या वर्षी पुन्हा एक झूम आली. आधीच्या झूमसारखीच, फक्त जरा जाड. मला झूम नको होती. मला शंभर मिलिमीटरची, अंधारातही नीट बघू शकणारी, मुठीत मावेल अशी एक साधी लेन्स हवी होती. ‘तुम्हाला पुढे कोणती लेन्स आवडेल?’ असं कंपनी साइटवर विचारते. तिथं मी दर वेळी तेच लिहायचो. ते वाचणारा माणूस माझं नाव दिसलं की जांभई देत असणार, याबद्दल माझी खात्री होती.

लेन्स हवी होती ती ताईसाठी. ताई तेव्हा नाटकात काम करायची. शेवटच्या प्रसंगात ती रंगमंचावर एकटीच असे. मागच्या कोपऱ्यात एक रिकामी वेताची खुर्ची आणि वर एकच मंद दिवा. घरी परत न आलेल्या माणसाशी ती त्या खुर्चीकडे वळून बोलायची आणि बोलता बोलता एकदम थांबायची. त्या थांबण्यात तिचा चेहरा असा काही व्हायचा, की सख्खा भाऊ असून मला ती अनोळखी वाटायची. तोही प्रेक्षकांना अर्धाच दिसे. उरलेला अर्धा खुर्चीच्या वाट्याला.

मला तो चेहरा हवा होता आणि वेळ नव्हता. ताईच्या घशाची शस्त्रक्रिया ठरली होती. नंतर आवाज कसा राहील, हे डॉक्टर छातीठोकपणे सांगत नव्हते. नाटकाचे मोजकेच प्रयोग उरले होते, आणि माझ्याकडे तिचा एकही धड फोटो नव्हता. मोठी लेन्स बाहेर काढली की मागच्या रांगेतले लोक चुकचुकायचे. छोटी लेन्स अंधारात चाचपडायची. फोटो एक तर हललेले, नाही तर वर वाळू सांडल्यासारखे. घरी येऊन ते बघताना कॅमेरा उचलून भिंतीवर मारावासा वाटायचा.

“अरे, नाटक बघ की कधीतरी,” ताई म्हणायची. “सारखं काय त्या डब्यात डोकं घालून बसतोस?”

प्रयोगाआधी मी विंगेत डोकावलो की ती ठरलेला प्रश्न विचारायची, “झाकण काढलंस ना रे?” हा आमच्या घरातला जुना विनोद. काकांच्या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी होती, त्यामुळे आत्याच्या लग्नात त्यांनी लेन्सचं झाकण न काढताच अख्खा रोल संपवला होता. मिररलेसमध्ये असं होऊच शकत नाही, हे मी ताईला कितीदा तरी समजावलं होतं. लेन्समधून जे आत येतं, तेच डोळ्यापुढच्या इवल्या पडद्यावर दिसतं. झाकण असेल तर काळोख, विषय संपला. तरी ती विचारायचीच. मी झाकण शर्टाच्या खिशात टाकायचो आणि खिसा थोपटून दाखवायचो.

शेवटी मी कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याकडून एक जुनी, पन्नास मिलिमीटरची लेन्स आणली आणि मध्ये जोडरिंग लावून कॅमेऱ्यावर बसवली. असल्या जुन्या लेन्स कॅमेऱ्याशी बोलत नाहीत. तोंडावर काय बसवलंय हे त्याला कळत नाही, ते आपणच मेनूत जाऊन सांगायचं असतं. किती मिलिमीटरची, उजेड आत घ्यायला किती उघडणारी, शिवाय नाव. मी पहिल्या ओळीत ही जुनी लेन्स भरली. दुसरी ओळ मोकळी होती. कंपनीवरचा राग कुठंतरी काढायचाच होता, म्हणून तिथं लिहिलं, ‘ताईची लेन्स, शंभर मिलिमीटर’, आणि ती जितकी उघडावी असं मला वाटत होतं, तितकी उघडून टाकली. निव्वळ पोरकट चाळा. मग भावजींनी जेवायला हाक मारली आणि मी पहिल्या ओळीवर परत यायचं विसरलो.

अशी चूक झाली तर फार काही बिघडत नाही. कॅमेरा हाताची थरथर चुकीच्या हिशेबानं सावरतो आणि फोटो थोडे जास्त हलतात, इतकंच.

पुढच्या प्रयोगाला मी नेहमीच्या तिसऱ्या रांगेत बसलो. शेवटचा प्रसंग आला, कॅमेरा डोळ्याला लावला, तर ताई मला हवी होती तितकी जवळ होती. पन्नासच्या लेन्समधून ती तशी दिसणं शक्य नव्हतं. उजेडही भरपूर होता. मी हातानं लेन्सची रिंग फिरवून तिच्या पापणीवर फोकस आणला आणि बटण दाबलं.

घरी फोटो उघडले. वाळू नाही, थरथर नाही. खुर्चीच्या वेताची वीण न् वीण मोजून घ्यावी इतकी स्वच्छ. आणि पुढे ताई, पुसट.

तोंडाशी आलेला घास गेला. फोकस चुकला असेल तर एखाद्या फोटोत चुकेल, इथं झाडून सगळ्या फोटोंत खुर्चीच होती. मेनू तपासला तेव्हा दुसरी ओळ निवडलेली दिसली. भावजींना खिडकीपाशी उभं करून त्याच ओळीवर फोटो काढले. ते साधेच आले, पन्नासच्या लेन्सचे येतात तसे.

“चांगली आहे की लेन्स,” भावजी म्हणाले. “उगाच कंपनीला शिव्या घालत होतास.”

त्यानंतरच्या प्रयोगाला मी पहिली ओळ लावून पाहिली. ताई लांब आणि काळपट दिसली. दुसरी ओळ लावली, ती जवळ आली. मी श्वास रोखून तिच्यावर फोकस धरला. फोटोत पुन्हा खुर्ची. या खेपेला वेताची बैठक मधोमध खाली गेलेली होती.

जुनी खुर्ची, वेत सैल पडला असेल. मी स्वतःची समजूत घातली. मला ताई हवी होती, खुर्चीचं काय करायचंय?

त्याच्या पुढच्या प्रयोगाच्या फोटोंत खुर्ची वळलेली होती. आधी तिचं तोंड ताईकडे असायचं, आता ते थेट प्रेक्षकांकडे होतं. मी नेपथ्य लावणाऱ्याला गाठलं. त्यानं मला रंगमंचावर नेऊन खाली चिकटवलेल्या पट्ट्या दाखवल्या.

“चारही पाय याच खुणांवर असतात. तसूभर हलली तर दिव्याबाहेर जाते.”

“आज हलली होती?”

“नाही.”

मी त्याला फोटो दाखवला. त्यानं तो बघितला आणि कॅमेरा माझ्या हातात परत दिला.

“तालमीलासुद्धा कुणी बसत नाही तिच्यावर,” तो म्हणाला.

“का?”

“नाही बसत.” तो पट्टीचं सुटलेलं टोक अंगठ्यानं दाबत राहिला. “ताईंना नका दाखवू हा फोटो.”

शेवटचा प्रयोग दुपारचा होता. ताई विंगेत गळ्याभोवती रुमाल गुंडाळून उभी होती. डॉक्टरांनी प्रयोगाबाहेर बोलायचं नाही असं सांगितलं होतं, म्हणून तिनं भुवया उंचावून नुसतं लेन्सकडे बोट केलं. मी खिसा थोपटला.

पहिली ओळ लावायची, असं मी घरून ठरवून निघालो होतो. पण मग पुन्हा वाळू. आणि यानंतर प्रयोग नव्हता. मला भीती वाटत होती आणि मला तो फोटो हवा होता. मी दुसरी ओळ लावली.

दिवा मंद झाला. ताई बोलायला लागली. मी कॅमेरा डोळ्याला लावला.

ती थांबली.

तिचा चेहरा लख्ख दिसला. पूर्ण चेहरा.

मी एकदाच बटण दाबलं.

मेकअपच्या खोलीत ताई आरशासमोर बसली होती. मी कॅमेरा तिच्या हातात दिला. एवढी वर्षं ज्यासाठी कंपनीच्या नावानं बोटं मोडली, तो फोटो पडद्यावर होता. ओले डोळे, अर्धवट उघडे ओठ, सगळं.

ताईनं पडदा डोळ्यांजवळ धरला.

“मी तुझ्याकडे कधी बघितलं?” ती कुजबुजली.

“थांबलीस तेव्हा.”

“मी खुर्चीकडे बघत होते.”

मग तिनं तिच्या चेहऱ्यामागच्या पुसट भागावर बोट ठेवलं. तिथं नेपथ्याची भिंत असायला हवी होती. तिथं प्रेक्षागृहाच्या रांगा होत्या.

तिचा अंगठा पुढच्या फोटोच्या बटणावर गेला.

“एकच काढलाय,” मी म्हणालो.

पुढचा फोटो होता. तीच जागा, तसाच उजेड. पण आता पुढे ताई पुसट होती. फोकस तिच्या खांद्यावरून पलीकडे, तिसऱ्या रांगेत गेला होता.

माझ्यावर.

शर्टाची शिवण न् शिवण दिसत होती. डोळ्याला कॅमेरा होता. लेन्सवर झाकण होतं.

मी खिशात हात घातला. काही लागलं नाही.

ताईनं कॅमेरा हळूच उलटा केला. झाकण घट्ट बसलेलं होतं.