घड्याळाचे काटे कोण फिरवतं?

"उमाबाईंवर नजर ठेवायची, पण त्यांना कळता कामा नये," रुद्राणी हळूच म्हणाली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती नांदेडहून औशाला मामाकडे आली होती. मामेभाऊ बसवराज आणि त्याची धाकटी बहीण महानंदा तिच्याभोवती डोकी जुळवून बसले होते.

निजामी राजवटीतले ते दिवस, त्यात महायुद्ध चाललेलं. पेट्रोल मिळेना, म्हणून संगप्पामामांची मोटार कोळशाच्या गॅसवर धापा टाकत लातूरला जायची. ती सुटायची मामांच्या खिशातल्या घड्याळाप्रमाणे. हल्ली मात्र ते घड्याळ मधूनच पुढे पळे. काल मोटार वेळेआधीच निघून गेली आणि आजारी लेकराला लातूरच्या दवाखान्यात न्यायला आलेली एक बाई स्टँडवर रडत बसली.

सकाळी मामा आंघोळीला आणि लिंगपूजेला गेले की घड्याळ खोलीतल्या कोनाड्यात असे. त्या वेळी तिथं झाडायला फक्त उमाबाई जात.

"दुसरं कोण काटे फिरवणार?" मामा म्हणाले होते. "आज पुन्हा असं झालं तर उमाबाईंना कामावरून कमी करतो."

शक रुद्राणीलाही होता. उमाबाई कोनाड्यासमोर टक लावून उभ्या असलेल्या तिनं पाहिल्या होत्या. तिची चाहूल लागताच त्या लगबगीनं झाडायला लागल्या होत्या. काही लपवायचं नसेल, तर माणूस असं दचकतं का?

मामा आंघोळीला जाताच बसवराजनं चुलीतली राख फडक्यातून गाळून घड्याळाभोवती पातळ पसरली. तिघं दाराआड दबा धरून बसले. उमाबाई आल्या. कोनाड्यापाशी थबकल्या. रुद्राणीनं श्वास रोखला. उमाबाईंनी मान वाकवली, क्षणभर टिकटिक ऐकली, स्वतःशीच हसल्या आणि खोली झाडून निघून गेल्या.

राखेवर एकही बोट उमटलं नव्हतं. महानंदानं वाकून काटे पाहिले. "आठाला दहा कमी," ती कुजबुजली.

तेवढ्यात मामा आले. शांतामामींना काहीतरी सांगत सांगत त्यांनी न बघताच घड्याळ उचललं, बोटांनी घुंडीला दोन पिळे दिले आणि खिशात टाकलं.

मामा अंगणात पोचायच्या आत रुद्राणीनं त्यांना गाठलं. "मामा, किती वाजले?"

"साडेआठ. अरे, एवढ्यात कसे? पुन्हा पुढं गेलं की! उमाबाई, इकडं या."

उमाबाई हातातली केरसुणी टाकून आल्या. "मालक, म्या हात बी लावला न्हाई."

"त्या खरं सांगताहेत," रुद्राणी पुढे झाली. "मामा, आत्ता दिलीत तशी चावी पुन्हा द्या. पण काट्यांकडं बघत."

मामांनी कपाळाला आठ्या घालून घुंडी फिरवली. घुंडीबरोबर मोठा काटाही सरसर पुढे निघाला. मामांचा हात जागीच थांबला.

"म्हणजे मीच?"

"तुमचं बोट आणि आतला क्लच," रुद्राणी म्हणाली. तिच्या वडिलांचं नांदेडला घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. तिनं बसवराजला डावीकडे आणि महानंदाला उजवीकडे उभं केलं. "मी क्लच. घुंडीच्या चौकोनी दांडीवरचं छोटं चाक. दांडीबरोबर मी फिरते आणि तिच्यावर मागंपुढं सरकतेही. बसवराज चावीचं चाक, महानंदा काट्यांचं. घुंडी आत असली की मी बसवराजला धरते." तिनं त्याचा हात धरून त्याला गरगर फिरवलं. "घड्याळाला चावी बसते. घुंडी ओढली की त्याला सोडून महानंदाला धरते. मग काटे फिरतात. एका वेळी एकालाच धरायचं."

"मोटारीतबी क्लच असाच धरतो अन् सोडतो," बसवराज म्हणाला.

"मग आता का बिघडलं?" मामांनी विचारलं.

"वेळ लावून घुंडी आत दाबली की एक बारीक स्प्रिंग मला परत बसवराजकडं ढकलते. ती थकली असणार. म्हणून कधीकधी मी महानंदालाच धरून राहते, आणि तुम्ही चावी देताय असं समजून काटे फिरवता."

मामांनी उमाबाईंसमोर हात जोडले. "चूक माझी. न बघता तुमच्यावर आळ घेतला. तुम्ही कामावर राहायचं." मोटार सोडायला शेजारच्या मास्तरांचं घड्याळ मागून आणायला त्यांनी बसवराजला पिटाळलं आणि रुद्राणीच्या पाठीवर थाप मारली. "बापाचं दुकान तू चालवशील बघ."

सगळे पांगल्यावर उमाबाईंनी तिला जवळ बोलावलं. "पोरी, दाराआड तूच व्हतीस ना? तुलाबी माझाच शक आला व्हता."

रुद्राणीची मान खाली गेली. "हो."

"लई बरं केलंस," उमाबाई म्हणाल्या. "तू नजर ठिवलीस म्हणून तर म्या सुटले."