मिनिट कुणी खाल्लं?

"दोनशे चार? थांबा, काहीतरी घोळ आहे!" अस्मिताने दोरी खाली टाकली.

शाळेमागे तिचा, मामेभाऊ कृष्णराजचा आणि मैत्रीण हर्षालीचा सुट्टीतला सराव चालला होता. हर्षालीच्या टायमरवर अभ्यास पंचवीस मिनिटं, दोरीउड्या तीन. तीन मिनिटांत अस्मिताच्या तीनशे उड्या व्हायच्याच!

पुढच्या पटांगणात ग्रामसभा भरली होती. तिथेही प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं. पडद्यावर आकडे उलटे पळायचे, शून्यावर भोंगा वाजायचा. आज अस्मिताने गंमत म्हणून तिथे बोलणाऱ्या बानूमावशीच्या पहिल्या शब्दाबरोबर दोरी फिरवायला घेतली, आणि भोंगा वाजला तेव्हा उड्या दोनशे चारच!

"दमली असशील," कृष्णराज म्हणाला.

"मी? हॅट! मावशीचं एक मिनिट कुणीतरी खाल्लंय!"

हर्षाली घाईने पटांगणाकडे वळली. शाळेच्या मैदानावर दुकानांचे गाळे बांधायचा ठराव आजच होता. गावातली म्हातारी शांताक्का त्याला विरोध करणार होती. तिच्या सासऱ्यांनी ही जागा मुलांच्या खेळासाठी दिल्याचा कागद तिच्याकडे होता. तिचंही मिनिट गेलं तर कागद पिशवीतच राहणार, आणि मैदान जाणार!

संशय थेट वीरप्पावर. सभेचा टायमर त्याच्या हातात, आणि गाळे मागणारे उपसरपंच बब्रुवान तात्या त्याचे मामा! तिघं खांबाआड दबा धरून बसले. पडद्यावरचे आकडे हलताच हर्षालीने आपला टायमर लावला. दोन्ही एकदमच संपले! म्हणजे सभेचा टायमर बरोबरच होता.

"मग चोर कोण?"

तेवढ्यात पुकारा झाला, "दैवशालाबाई!" वीरप्पाने मोबाइलमधून मान वर न काढताच बटण दाबलं. दैवशालाकाकू पार मागे, लिंबाखाली बायकांच्या सतरंजीवर. खुर्च्या, पाय, चपला ओलांडत त्या माइकपाशी पोचल्या तेव्हा दोनच मिनिटं उरली होती. पुढे बसलेले पुरुष मात्र चार पावलांत पोचायचे! चोरी नव्हतीच, होता तो निव्वळ निष्काळजीपणा. पण तोही काही कमी वाईट नसतो, बरं का!

"वीरप्पादादा, माणूस बोलाय लागल्यावर बटण दाबा की!" अस्मिता म्हणाली.

"नाव पुकारलं की बटण. पळा इथनं!"

शांताक्काचे तर गुडघे दुखायचे. तिची तीन मिनिटं वाटेतच संपली असती!

कृष्णराजचे डोळे चमकले. "दादा, माइकवर लई ऊन आलंय. मागं लिंबाखाली नेऊ का?"

"ने बाबा," वीरप्पा मोबाइलमध्येच. कृष्णराजने माइक थेट बायकांच्या सतरंजीपाशी नेला.

आणि पुढचं नाव आलं ते बब्रुवान तात्यांचं! तात्या उठले, खुर्च्यांत अडकले, कुणाच्या तरी पायावर पाय देऊन थबकले. कसेबसे माइकपाशी पोचून ते बोलू लागले, तर पहिल्या गाळ्यापर्यंत येण्याआधीच भोंगा!

"आरं, माझं मिनिट कुणी खाल्लं?" तात्या गरजले.

"बानूमावशीचं ज्यानं खाल्लं, त्यानंच, तात्या!" अस्मिता ओरडली आणि तिने सगळं सांगून टाकलं.

सतरंजीवर हशा पिकला. सरपंच कमलबाई मात्र हसल्या नाहीत. "वीरप्पा, आता पहिल्या शब्दाला बटण. अन् ज्यांचं मिनिट गेलं, त्यांना परत बोलू दे. तात्यांनाबी!"

शांताक्काने कागद शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला. गाळ्यांच्या विरोधात भराभर हात वर झाले. ठराव पडला!

"शाबास रं पोरांनो! आमा मोठ्यांना न्हाय दिसलं ते तुमी बघितलं," कमलबाई म्हणाल्या. तात्यांनीही डोकं खाजवत मान डोलावली.

शांताक्काने तिघांना जवळ घेतलं. "जागा माझ्या सासऱ्यानं दिली व्हती, पर ते सांगाय येळ तुमी दिला!"