डावी वाटी

हॅलोरन क्रीकच्या सॉ मिलमध्ये माझे वडील एकतीस वर्षं करवतींना धार लावत होते. तीन नंबरची करवत त्यांची: माणसाहून उंच दोन चाकांवरून पट्ट्यासारखं फिरणारं चाळीस फुटी पातं. अशा पात्याला तडा जायला लागला की डोळ्यांना दिसायच्या आधी तो कानाला कळतो. आवाज किंचित खाली उतरतो. म्हणून धारवाले गोंगाट अडवायला कानांवर घातलेल्या दोन वाट्यांपैकी डावी वर सरकवून ठेवत. सुरक्षा अधिकारी आला की खाली, त्याची पाठ फिरली की वर. आमच्या गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या धारवाल्यांशी उजव्या बाजूने बोलावं लागतं, ते त्यामुळे.

मिल बंद पडली, पण पप्पांच्या डाव्या कानात करवत चालूच राहिली. मी शाळेत विज्ञान शिकवते. मी पुस्तकं आणली, आतल्या कानाची चित्रं दाखवली.

"कानातल्या बारीक पेशी मेल्यात, पप्पा. तिथून काही येत नाही, म्हणून मेंदूच आवाज तयार करतो. त्याची चूक होतेय."

"चूकबीक काही नाही. तीन नंबर आहे ती. छान चाललीये."

फेब्रुवारीत एका सकाळी त्यांचा फोन आला. मी वह्या तपासत होते.

"ऐली, आज आवाज उतरलाय."

"मळ साचला असेल. डोरीनकडून कान तपासून घ्या."

"मळ," ते म्हणाले आणि हसले. "बरं, मास्तरीणबाई."

दुपारी शेजारच्यांना ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी सापडले. हृदय थांबलं होतं. कपात अर्धी कॉफी होती.

दफनानंतर नवव्या दिवशी मी त्यांच्या घरी कॉफीचं भांडं विसळत होते. नळ बंद केला, तरी एक बारीक, सरळ आवाज मागे उरला. आधी मला फ्रिज वाटला. मी फ्रिज बंद केला, मग मुख्य बटण खाली ओढलं, मग अंगणात बर्फात जाऊन उभी राहिले. आवाज माझ्याबरोबर बाहेर आला. डाव्या कानात होता.

खरं सांगायचं तर मला भीती वाटली नाही. उत्सुकता वाटली. कारणांची यादी मला तोंडपाठ होती, ती मी पप्पांनाच कितीदा ऐकवली होती. मी एकेक कारण खोडत गेले. कान साफ करून घेतले, मळ नव्हताच. रक्तदाब उत्तम. ॲस्पिरिननेही कानात आवाज येतो, म्हणून डोकं दुखलं तरी ती घेतली नाही. दाताच्या डॉक्टरांनी जबड्याचा सांधा तपासून ठीक असल्याचं सांगितलं. मोठ्या आवाजात मी कधी काम केलेलं नाही. मिलमध्ये तर मुलींना पायऱ्यांपुढे येऊ देत नसत. सहा आठवड्यांत यादी संपली. आवाज होता तिथेच होता.

मग मी डोरीनकडे गेले. औषधांच्या दुकानाच्या वर तिची खोली आहे. अर्ध्या गावाचे कान तिने तपासलेत.

"ये गं. तुझ्या बापाने याच खुर्चीत बसून मला तीनदा छळलंय. वाटी खाली ठेवेल तर शपथ! तू तरी नीट बस."

माझी श्रवणशक्ती लहान मुलासारखी निघाली. तेव्हा तिने माझ्या कानातला आवाज जुळवायला घेतला. ती यंत्रातून एकेक स्वर सोडत होती, मी वर किंवा खाली सांगत होते.

"हा?"

"जरासा वर."

"हा?"

"हाच."

डोरीनने आकडा लिहिला. मग उठून कपाटातून एक जुनी फाईल काढून तिने माझ्यापुढे ठेवली. तीन हजार आठशे सत्तर हर्ट्झ. पप्पांच्या तिन्ही तपासण्यांत तोच आकडा होता.

"योगायोग?" मी विचारलं.

"पुष्कळांचा आवाज त्याच्याच आसपास असतो."

"आसपास."

"हो," ती म्हणाली. "आसपास."

तिने खणातून शेंगदाण्याएवढं एक यंत्र काढलं. ते कानात घालायचं, त्यातून पावसासारखा आवाज येत राहतो. महिन्याभरात मेंदू दुसऱ्या आवाजाकडे लक्ष देणं सोडून देतो.

"घालवायचाय ना?"

त्यासाठीच तर मी आले होते. पण पप्पांचं एवढंच माझ्याकडे उरलं होतं आणि तेही त्यांचं आहे की माझ्या डोक्याचं, हे मला कळत नव्हतं.

"आधी कारण कळू दे," मी म्हणाले.

"बापाचीच लेक. चल, आणखी एकदा बघू."

तिने मला आवाजबंद खोलीत बसवलं, दोन्ही वाट्या कानांवर बसवल्या, स्वर ऐकू आला की दाबायचं बटण हातात दिलं आणि जाड दार लावून घेतलं. काचेपलीकडे ती यंत्रावर वाकली.

खोलीत काहीच ऐकू येत नव्हतं. फक्त तो आवाज. सरळ, छान चाललेला.

"ऐली," उजव्या वाटीतून डोरीन म्हणाली, "डावी वाटी खाली घे."

मी हात लावला. वाटी वर सरकलेली होती. मी ती खाली ओढली.

"तुम्ही सगळे सारखेच," ती हसली.

पुन्हा शांतता. मी दोन्ही हात मांडीवर घेतले, बटण मुठीत धरलं.

"ऐली. डावी."

या वेळी ती हसत नव्हती. ती माझ्या हातांकडे बघत होती.

माझे हात मांडीवरच होते.

डाव्या कानाला गार हवा लागली.

मी हलले नाही. कोणीतरी अगदी जवळ होतं, श्वास रोखून, मन लावून ऐकत होतं.

मग आवाज किंचित खाली उतरला.