डाव्या हातातले खुळखुळे

गावाबाहेरच्या कुणी पाहू नये असा तो थंडीतला नाच. त्या दिवशी गावाच्या सगळ्या वाटांवर पहारा बसतो. आणि त्याच नाचाचं जलरंगातलं चित्र अमेरिकेतल्या सांता फे शहरात, व्हिटकॉम या गोऱ्या व्यापाऱ्याच्या दुकानात टांगलेलं सापडलं. कोपऱ्यात गावचा चित्रकार लिब्रादो याची नेहमीची खूण, छोटासा ढग. संध्याकाळी पंच बसून त्याला गावाबाहेर काढणार होते. साक्ष त्याच्या सख्ख्या मामाची, सेवेरियानोची.

लिब्रादोच्या बायकोने एउसेबिओला बोलावलं. तो याच गावचा. रेल्वेच्या पोलिसात उमेदवारी करून आता खासगी तपास करी. साक्षीदार डोळ्यांसमोर बरा, म्हणून त्याने सेवेरियानोलाच सोबत घेतलं.

"तू पंचांना सांगितलंस तरी काय?"

"चित्र बघ ना. सगळ्यांच्या डाव्या हातात खुळखुळा, उजव्यात फांदी. असं डावखुराच काढणार. गावात चित्रं काढणारे दोघे, त्यात डावखुरा आमचा भाचा."

"हुशार आहेस," एउसेबिओ म्हणाला. त्याने कौतुक केलं तरी चिमटा काढल्यासारखं वाटे.

दुसरा चित्रकार म्हातारा तेलेस्फोरो. त्याने दोघांना दारातच उभं ठेवून झाडलं. तो नाच काढून द्या म्हणून व्हिटकॉम दोन्ही चित्रकारांच्या मागे लागला होता आणि लिब्रादोने त्याला तेलेस्फोरोसमोर दोनदा हाकललं होतं. लिब्रादो मात्र "मी काढलं नाही" एवढंच म्हणाला आणि डाव्या हाताने रंग घोटत राहिला. मामाकडे त्याने पाहिलंही नाही.

व्हिटकॉम तोंडाचा गोड. लिब्रादोनेच चित्र आणून दिलं, म्हणाला. त्याची नखं काळी पडली होती, त्याला तो शाई म्हणाला. निघताना त्याने सेवेरियानोच्या बायकोच्या खोकल्याची चौकशी केली.

"याला काय माहीत तिचा खोकला?" वाटेत एउसेबिओने विचारलं.

"औषध आणून दिलं होतं त्याने. बर्फात गाडी अडकली, तरी आला बिचारा."

"कधी?"

"थंडीत," सेवेरियानो म्हणाला आणि भराभर पुढे चालू लागला.

पंच जमल्यावर एउसेबिओने चित्र भिंतीशी उभं केलं. "सेवेरियानो, लिब्रादो नाचताना खुळखुळा कोणत्या हातात धरतो?"

"उजव्या. सगळेच उजव्यात धरतात."

"डावखुरा असून? कुणी शिकवलं?"

"मीच." लहानपणी डाव्या हातावर छड्या मारून मारून त्याने ते वळण लावलं होतं. तो हात आता त्याच्या डोळ्यांसमोर आला, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"मार खाऊन शिकलेला माणूस हे विसरेल? स्वतः नाचलेला कुणीही ही चूक करणार नाही, तेलेस्फोरोही नाही. हे काचेवरच्या फोटोवरून गिरवलंय. काच पालटली की उजव्याचं डावं होतं. ढग नंतर लिब्रादोच्या दुसऱ्या चित्रावरून उतरवला, म्हणून तो सरळ आहे. फोटो धुणाऱ्याची नखं रसायनाने काळी पडतात. लिब्रादोने नकार दिला, म्हणून व्हिटकॉमने त्याच्या नावावर हे खपवलं."

"ऐकायला ठीक आहे," गव्हर्नर म्हणाले. गावचे प्रमुख तेच. "पण पहाऱ्यातून परका आत आलाच कसा? ते कळल्याशिवाय मी लिब्रादोला सोडणार नाही."

एउसेबिओने सेवेरियानोकडे पाहिलं. त्याला उत्तर माहीत होतं हे सेवेरियानोला कळलं. परक्याला आसरा देणाऱ्याची शिक्षाही सेवेरियानोला ठाऊक होती.

"व्हिटकॉम नाचाच्या आदल्या रात्रीच आला होता," सेवेरियानो उठून म्हणाला. "बर्फ होतं. माझ्या वरच्या खोलीत ठेवला. खिडकी नाचाच्या चौकावर उघडते. बाहेर बघू नको, असं सांगून मी नाचायला गेलो. पुढे चित्र सापडलं तेव्हा तो मनात आला होता. मी त्याला मनातून काढून टाकलं."

लिब्रादो सुटला. सेवेरियानोला नाच कायमचा बंद झाला. मानेवरचं ओझं उतरेल असं त्याला वाटलं होतं, ते काही उतरलं नाही.

बाहेर लिब्रादो त्याची वाट पाहत उभा होता. सेवेरियानोने माफी मागायला तोंड उघडलं.

"मामा," लिब्रादो म्हणाला, "पंचांकडे जायच्या आधी माझं घर लागतं. आत येऊन एकदा विचारायचंस."