अजगराच्या तोंडातला बॉल

"सोड! सोड ना बॉल, दचके! हात काय थरथरवत बसलीयेस?" खाली नदीच्या पायऱ्यांवरून उंचीमुळे 'शिडी' नाव पडलेला तिचा मित्र जीव खाऊन ओरडला.

वर, नदीकाठच्या जुन्या मनोऱ्याच्या पायथ्याशी ओणवी बसलेली दचकी खरोखरच थरथरत होती. त्यात नवीन काहीच नव्हतं म्हणा! दार वाजलं की दचक, मांजर आडवं गेलं की दचक, स्वतःलाच शिंक आली तरी दचक. तिचं खरं नाव घरचेसुद्धा आठवून सांगायचे. पण आज तिला खरी भीती होती ती हातातल्या लाल बॉलची. बॉल होता तिच्या धाकट्या भावाचा, टिल्लूचा. "ताई, हरवलास ना, तर जन्मात बोलणार नाही तुझ्याशी," असं बजावून त्यानं तो दिला होता.

खेळ तसा जुनाच. मनोऱ्याच्या पायथ्याशी पावसाचं पाणी जायला एक लोखंडी जाळी होती आणि तिची एक सळई तुटलेली होती. त्या फटीतून बॉल सोडला की तो जमिनीखालच्या दगडी गटारातून गडगडत जायचा आणि नदीकाठच्या भिंतीतल्या गोल भोकातून टुण्णकन बाहेर पडायचा. त्या भोकाला मुलांनी नाव ठेवलं होतं, अजगराचं तोंड. दर सुट्टीत एकानं वरून सोडायचा, दुसऱ्यानं खाली झेलायचा! या वर्षी मात्र नदीकाठ सुधारायचं काम निघालं आणि सगळीकडे पत्रे लागले. ते कालच निघाले होते. आत बघावं तर काय, मनोऱ्याभोवती हिरवीगार हिरवळ, बाकं, फवारे, आणि नदीच्या कडेनं चकचकीत नवी भिंत!

दचकीनं डोळे मिटले आणि बॉल सोडला. गडगड... गडगड... आणि मग काहीच नाही.

"आला का रे?"

"नाही! आणि अजगराचं तोंडच सापडत नाहीये! सगळी भिंत एकसारखी झालीय!"

"मग आधी बघायचं ना, शहाण्या!" दचकीच्या शेजारी उभी असलेली वकील कडाडली. प्रत्येक गोष्टीत वाद घालायची म्हणून ती वकील.

तेवढ्यात जाळीतून आवाज आला. घुडूप्. थोडं थांबून पुन्हा, घुडूप्! खाली कुणीतरी मोठा घोट गिळल्यासारखा.

दचकीनं झटकन जाळीवरचा हात काढला. ती मागं सरकली आणि तिचा पाय हिरवळीत घोट्यापर्यंत गेला. गादीवर पाय द्यावा, तशी जमीन दबली आणि हळूच वर आली.

"वकील, जमीन हलली!"

"पुरावा?" वकिलीनं विचारलं आणि स्वतः एक उडी मारून बघितली. मग तिचंही तोंड उतरलं. "हलतेय खरी..."

त्या हिरवळीवरच, चार पावलांवर, एक लाकडी व्यासपीठ उभं होतं. उद्या संध्याकाळी उद्घाटन. शाळेची मुलं त्यावर उभी राहून गाणार होती. पहिल्या रांगेत टिल्लू!

शिडी वर येताच तिघं व्यासपीठाला वळसा घालून धावले ते थेट मामांकडे. मामा म्हणजे दचकीचे सख्खे मामा आणि नदीकाठच्या या सगळ्या कामाचे इंजिनिअर. व्यासपीठाच्या पलीकडच्या टोकाला उभे राहून ते फवारेवाल्याला सूचना देत होते, "बंद करायचे नाहीत! रात्रभर चालू दे! उद्या गवत कसं टवटवीत दिसलं पाहिजे!"

"मामा, अजगराचं तोंड कुठं गेलं?" शिडीनं धापा टाकत विचारलं.

"ते भोक होय? बुजवलं! कोरडंठाक पडलं होतं. पाहुणे होडीतून फोटो काढणार, आणि मध्येच ते काळं भगदाड? छे! आता बघा, भिंत कशी सलग!"

"पण मामा, फवाऱ्यांचं पाणी खाली जाऊन साठलंय. जमीन मऊ झालीय," दचकी म्हणाली. "टिल्लू त्याच्यावर उभा राहणार आहे!"

मामा खो खो हसले. "तू तर उशीला पण घाबरतेस ग! हे बघ." त्यांनी खिशातून एक निळी काचेची गोटी काढली. मामांची ही सवय सगळ्यांना ठाऊक होती. फरशी असो, ओटा असो, काम झालं की त्यावर गोटी ठेवायची. गोटी जागची हलली नाही, तरच काम पास! त्यांनी गोटी व्यासपीठाच्या मधोमध ठेवली. गोटी ढिम्म हलली नाही. "झालं समाधान? पळा आता!"

घरी टिल्लूनं बॉलचं ऐकलं आणि भिंतीकडे तोंड करून बसला. दचकीनं खाऊ पुढे केला, तर त्यानं ताटली ढकलून दिली. ती अंथरुणात पडली तरी तिला झोप येईना. डोळे मिटले की कानात तेच, घुडूप्.

सकाळी रंगीत तालीम होती. दचकी, वकील आणि शिडी सगळ्यांच्या आधी पोचले. हिरवळीवर फवारे अजून उडतच होते. शिडी वाकून व्यासपीठाखाली बघायला लागला आणि एकदम ताठ झाला. "मनोऱ्याकडचा खांब... मातीत रुतलाय."

दचकीनं वर बघितलं. गाण्याच्या बाई मुलांना वर चढवत होत्या. टिल्लू पहिल्या रांगेत, गाल फुगवून उभा राहिला. ताईकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही.

मामा मात्र मोठ्या मॅडमना नवी भिंत दाखवण्यात गुंग होते. मोठ्या मॅडम म्हणजे मामांच्याही वरच्या साहेब. "मामा, खांब..." दचकीनं सुरुवात केली.

"आत्ता नाही!" मामा दबक्या आवाजात गुरगुरले. "घरी जा!"

"आता काय करायचं?" दचकी रडकुंडीला आली. "ऐकतच नाहीत!"

वकिलीचे डोळे चमकले. "आपलं ऐकत नाहीत ना? मग त्यांच्याच गोटीला बोलू दे!" ती तरातरा पुढे झाली. "मॅडम, मॅडम! आमच्या मामांची गोटी बघितलीत का? त्यांच्या कामावर ती कध्धीच हलत नाही!"

"असं?" मॅडमना हसू आलं. "बघू तरी!"

आपलं कौतुक कुणाला नको असतं? मामांची कळी खुलली. त्यांनी मॅडमना व्यासपीठापाशी आणलं आणि हात लांबवून त्यावर ऐटीत गोटी ठेवली.

गोटी निघाली! मुलांच्या पायांमधून टकटक करत ती मनोऱ्याच्या बाजूला घरंगळत गेली आणि कडेवरून खाली पडली. ती उचलून मामा आ वासून उभे राहिले. आणि त्याच क्षणी जमिनीखालून आवाज आला. या वेळी भलामोठा, घुडूप्!

"खाली या!" दचकी किंचाळली. "सगळे खाली या!"

मॅडमनी क्षणभरही वेळ घालवला नाही. "उतरवा मुलांना! या बाजूनं, एकेक करून!" गाण्याच्या बाई आणि शिडी मुलांना हात देऊ लागले. भराभर मुलं उतरली. एकच उरला.

"टिल्लू! ये ना रे!"

"नाही येणार! आधी माझा बॉल दे!"

व्यासपीठ करकरलं. दचकी पुढं धावली. ती वर चढली, पण कशी ते तिला नंतर कधीच सांगता आलं नाही. फळ्या पायाखाली कलत होत्या. "देते, टिल्लू, शप्पथ देते!" असं म्हणत तिनं त्याला कवेत घेतलं आणि दोघंही गवतावर कोसळले. मागं काडकन् आवाज झाला. व्यासपीठाची मनोऱ्याकडची अख्खी बाजू जमिनीत गेली आणि खड्ड्यातून चिखलाचं पाणी वर आलं.

 मग टिल्लूनं भोकाड पसरलं.

"फवारे बंद करा!" मॅडमचा आवाज कडाडला. "मनोऱ्याजवळ कुणी थांबू नका! आणि ते जुनं भोक कुठं होतं?"

"मी दाखवतो!" शिडी म्हणाला. काल भिंतीकडे बघून सापडली नव्हती, पण लहानपणापासून बॉल झेलून झेलून ती जागा त्याच्या पायांनाच पाठ होती. आता भिंतीकडे न बघता तो नेहमीच्या पायरीवर उभा राहिला आणि नेमक्या दगडावर बोट ठेवलं. सगळ्यांना बाजूला करून कामावरच्या गवंड्यानं पहारीनं तो दगड उचकटला मात्र, धो धो लाल पाणी नदीत कोसळायला लागलं. माती, पानं, काटक्या, आणि त्यांच्या मागोमाग टुण्णकन, बॉल! शिडीनं तो एका हातात झेलला.

मामांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते दचकीजवळ आले आणि चिखलातच गुडघ्यांवर बसले. "काल तू सांगत होतीस. मी हसलो. माझा टिल्लू वर होता ग..."  त्यांनी निळी गोटी पुसून तिच्या हातावर ठेवली.

"उद्घाटन पुढं ढकला," मॅडम म्हणाल्या. "आधी मनोऱ्याचा पाया तपासायचा. आणि ते भोक उघडंच राहील, पाहुण्यांना दिसलं तरी चालेल." मग त्या मुलांकडे वळल्या. "शाबास रे तिघांची! तुम्ही नसतात तर आज काय झालं असतं, विचारसुद्धा करवत नाही."

"मी तर खूप घाबरले होते," दचकी पुटपुटली. "अजूनही घाबरलेय."

"बरं झालं घाबरलीस!" मॅडम म्हणाल्या. "इथं आम्ही कुणीच घाबरलो नव्हतो, तेच चुकलं."

दचकीनं चिखलानं माखलेला बॉल टिल्लूपुढे धरला. त्यानं तो नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. "शी! घाण वास येतोय!"

"धुऊन देते."

"नको, असू दे," टिल्लू म्हणाला. त्यानं बॉल एका काखेत मारला, दुसऱ्या हातानं ताईचा हात घट्ट पकडला, आणि घर येईपर्यंत सोडला नाही.